खुर्ची दे रे त्यांना

१९९४ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. महिन्याच्या एक-दोन तारखेला पेन्शनर मंडळींची रांग लागायची. त्या रांगेत एक निवृत्त हेडमास्तर असत. त्यांची खातं उघडतानाची नमुना सही टपोरी, वळणदार, फळ्यावर काढल्यासारखी होती. आता पैसे काढायच्या स्लिपवरची सही मुंगीएवढी झालेली. पहिलं अक्षर जेमतेम वाचता येई, पुढची एकात एक मिसळून जात. दोनदा मी ती स्लिप परत केली. ‘‘गुरुजी, सही जुळत नाही. जरा नीट करा,’’ असंही म्हणालो. ज्यांनी निम्म्या गावाला अक्षर शिकवलं, त्यांना!

पैसे घेऊन निघाले की दारापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबत. मागचे लोक कुरकुरत. मग मी शिपायाला हाक मारायचो, ‘‘अरे, खुर्ची दे रे त्यांना!’’ आपण माणुसकीनं वागलो, या समाधानात पुढची स्लिप ओढायचो.

बारीक होत जाणारी सही आणि दारात अडणारं पाऊल ही एकाच आजाराची लक्षणं असू शकतात, हे मला कळायला वीस वर्षं लागली. कळलं तेही घरातच.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, एसटीत कंडक्टर होते. घाटात गाडी वळताना दोन्ही हात तिकिटांत गुंतलेले असले तरी हा माणूस कधी तोल जाऊन कुणाच्या अंगावर पडला नाही. २०१४ साली त्यांचा उजवा हात कापू लागला. चालताना तो हात हलेनासा झाला, अंगाला चिकटून राहू लागला. पाठ वाकली, पावलं आखूड झाली. डॉक्टरांनी निदान केलं : पार्किन्सन्स. आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात, तो. गोळ्या सुरू झाल्या, बरंच बरं वाटू लागलं. चार वर्षं ठीक गेली.

२०१८च्या दिवाळीत आम्ही सगळे साताऱ्याला दादांकडे जमलो होतो. फराळाला बसायची घाई चाललेली. दादा बाहेरच्या खोलीतून निघाले आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी अडले. पावलं जागच्या जागी थरथरत होती, पण पुढे सरकत नव्हती. मागून मुलं, पुढून बायका, सगळ्यांचा एकच घोष : ‘‘चला दादा, उचला पाय!’’ मी पुढे झालो, त्यांचा हात धरला आणि ओढला. दादांचं अंग पुढे आलं, पाय मागेच राहिले. मनगटाचं हाड मोडलं.

हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे. घरात कुणी मला बोल लावला नाही. दादा तर प्लास्टरकडे बघत म्हणाले, ‘‘अरे, तुझी काय चूक? गाडीच म्हातारी झाली.’’ पण त्या दिवसानंतर घरात एक अलिखित ठराव झाला : दादांनी उठायचं नाही. खिडकीशी एक हातांची खुर्ची ठेवली गेली. चहा तिथे, पेपर तिथे, जेवणाचं ताट तिथे. ‘‘काही लागलं तर हाक मारा, पण उठू नका,’’ असं वहिनी दिवसातून दहा वेळा बजावत. मी पुण्याहून गेलो की मीही तेच सांगे. त्यात २०२०चं टाळेबंदीचं वर्ष आलं आणि उरलंसुरलं अंगणही संपलं. जो माणूस तीस वर्षं धावत्या गाडीत उभा राहिला, त्याला आम्ही तीन वर्षं बसवून ठेवला. प्रेमानं.

बँकेत ज्या खात्यावर दोन वर्षं काही व्यवहार होत नाही, ते निष्क्रिय ठरवलं जातं. पैसे आत असतात, पण सहजासहजी काढता येत नाहीत. दादांच्या पायांचं तसंच झालं. २०२१च्या अखेरीस खुर्चीतून उठायलाही दोन माणसं लागू लागली. आम्ही म्हणालो, आजार वाढला. आजार वाढला होता हे खरंच, पण सगळा दोष त्या आजाराचा नव्हता.

हे आम्हाला सांगितलं एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीनं. डॉक्टरांनीच तिला पाठवलं होतं. तिनं दादांना उठवलं, बसवलं, चार पावलं चालवलं आणि वहिनींना विचारलं, ‘‘काकू, आजोबा दिवसभरात किती वेळ उभे असतात?’’ वहिनी अभिमानानं म्हणाल्या, ‘‘मी त्यांना उठूच देत नाही.’’ ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, ‘‘काकू, गोळी चुकली तर तुम्हाला काळजी वाटते ना? चालणं चुकलं तरी तेवढीच वाटायला हवी.’’

तिनं मग आम्हाला जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपण चालतो म्हणजे काय करतो? काहीच करत नाही. मन मंडईच्या पिशवीत किंवा शेजाऱ्याच्या भांडणात असतं आणि पाय आपोआप पडत राहतात. बँकेच्या भाषेत ही स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. एकदा सही केली की दर महिन्याला हप्ता आपोआप वळता होतो. मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. ते आपोआप चालणारे व्यवहार सुरळीत ठेवायला हे डोपामिन लागतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बंद पडत जाते. पाय शाबूत असतात, पण आपोआप हुकूम सुटत नाही.

पण खात्यातून पैसे काढायची दुसरी वाट उघडी असते. दर वेळी स्वतः चेक लिहायचा. म्हणजे प्रत्येक पाऊल लक्ष देऊन, ठरवून टाकायचं. मेंदूचे दुसरे भाग ते काम करू शकतात. व्यायामातला निम्मा भाग हे चेक लिहायला शिकण्याचा आहे आणि उरलेला निम्मा, पायांत आणि पाठीत तो चेक वटण्याइतकी ताकद राखण्याचा.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांचं वर्णन होतं आणि त्यांतले काही तर त्यांनी नुसते रस्त्यावर चालताना पाहिले होते. म्हणजे या आजाराची ओळखच मुळी चालीवरून झाली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस लेव्होडोपा हे औषध हाती आलं आणि लाखो लोकांची हालचाल परत आली. आजही तोच मुख्य आधार आहे. पण तोल जाणं आणि पाऊल गोठणं या दोन तक्रारींवर गोळीचा जोर पुष्कळदा कमी पडतो. नेमका तिथे व्यायाम लागतो.

एक गंमत पाहा. सपाट जमिनीवर अडणारा माणूस जिना मात्र सहज चढतो. लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ पर्डन मार्टिन यांनी १९६७ साली नोंदवून ठेवलं आहे की, जमिनीवर आडव्या रेषा काढल्या तर हे रुग्ण त्या ओलांडत चालू शकतात. नेदरलँड्समधल्या बास ब्लूम या डॉक्टरांनी २०१० साली एका रुग्णाची चित्रफीत प्रसिद्ध केली. धड चार पावलं न टाकता येणारा तो माणूस सायकलवर बसला आणि भुर्रकन निघून गेला! आपल्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर मुलीनं पाहिलं की तिचे काका जमिनीवर अडखळतात, पण जिना उतरतात. तिनं त्यांच्या घरातल्या फरशीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र पसरलं आणि काका त्यावरून चालू लागले. २०१५ साली तिनं हे एका भाषणात सांगितलं आणि ते जगभर ऐकलं गेलं. या सगळ्याचं मर्म एकच : आतला हुकूम सुटत नसेल, तर बाहेरून खूण द्या. डोळ्यांना रेषा द्या, कानांना ताल द्या, मनाला आकडे द्या.

आमच्या साताऱ्याच्या घरात बाहेरच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत एकेका पावलाच्या अंतरावर पिवळ्या चिकटपट्ट्या लागल्या. खुर्चीतून उठायचा सराव सुरू झाला. आधी पुढे सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्यायची, नाक पायांच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा. गोळीचा अंमल चांगला असेल ती वेळ साधून चालायचं. पाऊल लांब टाकायचं, टाच आधी टेकवायची, हात मुद्दाम झुलवायचे. वळताना जागेवर गिरकी घ्यायची नाही, गाडी वळवतात तसा मोठा वळसा घ्यायचा. चालताना बोलायचं नाही, हातात काही धरायचं नाही. घरातली पायपुसणी आणि सतरंज्या उचलल्या गेल्या, न्हाणीघरात भिंतीला दांडी बसली.

आणि पाऊल अडलं तर? तर झटायचं नाही. थांबायचं, ताठ व्हायचं, श्वास घ्यायचा, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचं आणि मग मोजून मोठं पाऊल टाकायचं. ती मुलगी ‘‘एक, दोन, चला’’ असं शिकवत होती. दादा म्हणाले, ‘‘बाई, हे आमच्या खात्यात निराळ्या नावानं आहे. सिंगल बेल म्हणजे थांब. डबल बेल म्हणजे चल.’’ तेव्हापासून दादा उंबरठ्याशी अडले की स्वतःशी पुटपुटतात, ‘‘सिंगल बेल.’’ क्षणभर उभे राहतात. मग ‘‘टिंग टिंग’’ म्हणून पाय उचलतात.

हे वाचून कुणाला वाटेल, झालं, चमत्कार झाला. तसं नाही. पहिले दोन महिने घरात रोज वाद झाले. वहिनी एकदा मला फोनवर रडत म्हणाल्या, ‘‘भाऊजी, त्या मुलीला सांगा, पुरे झालं. ते दमतात, घामाघूम होतात. या वयात कशाला छळायचं?’’ मला उत्तर सुचलं नाही. फोन दादांनी घेतला. म्हणाले, ‘‘हिला सांग, न्हाणीघरात एकट्यानं जायचं सुख काय असतं ते खुर्चीत बसणाऱ्याला विचार.’’ त्या वाक्यानंतर वहिनींचा विरोध मावळला. आता पट्ट्या सुटल्या की त्याच नव्या आणून लावतात.

आता यामागे शास्त्र किती, हेही पाहू. अमेरिकेत ओरेगनमध्ये १९५ रुग्णांना तीन गटांत विभागून २४ आठवडे व्यायाम दिला गेला. ताई-ची या संथ चिनी व्यायामाच्या गटाचा तोल सर्वांत सुधारला आणि नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचं पडणंही कमी झालं. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. २०१८ साली आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. आजार नुकताच कळलेल्या १२८ जणांची. त्यांत ट्रेडमिलवर दमसास लागेल इतक्या जोरानं चालणाऱ्यांची लक्षणं सहा महिने जवळपास जिथल्या तिथे राहिली, नेहमीसारखं राहणाऱ्यांची वाढली. पुढे दीडशेहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं की, बहुतेक प्रकारच्या व्यायामांनी हालचाल सुधारते आणि त्या प्रकारांत फार डावं-उजवं करता येत नाही. नाचही त्यात आला. ब्रुकलिनमध्ये २००१ साली एका नृत्यसंस्थेनं या रुग्णांसाठी वर्ग काढला. पुण्यात हृषीकेश पवार या नर्तकानं तसा वर्ग सुरू केला तेव्हा साठी-सत्तरीचे आजी-आजोबा त्यात नाचले. व्यायामानं आजार बरा होत नाही आणि नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. थांबलात की कमावलेलं हळूहळू ओसरतं. पण हे तर गोळीबद्दलही खरं आहे. म्हणून आपण गोळी थांबवत नाही.

मग व्यायामच का थांबतो? कारण तो आपल्या लेखी औषध नाहीच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव, मात्रा, वेळ सगळं असतं आणि अखेरीस तोंडी सांगितलं जातं : ‘थोडं चालत जा.’ थोडं म्हणजे किती? कसं? कुणाच्या देखरेखीखाली? माझं मागणं साधं आहे. निदान होईल त्याच दिवशी गोळीच्या खाली व्यायामाची ओळ लिहिली जावी आणि रुग्णाला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं जावं. आम्ही सात वर्षांनी गेलो. दादांच्या पायांतली जी ताकद पहिल्या वर्षी सांभाळता आली असती, ती आठव्या वर्षी नव्यानं मिळवावी लागली.

दुसरं मागणं आपल्या सोसायट्यांकडे आणि ज्येष्ठ नागरिक संघांकडे. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं शुल्क प्रत्येकाला दर दिवशी परवडत नाही. पण सकाळच्या वेळी सोसायटीचे हॉल रिकामे असतात. आठ-दहा रुग्ण एकत्र आले तर एका जाणकाराचा खर्च वाटून घेता येतो, आणि एकट्यानं कंटाळवाणी वाटणारी गोष्ट दहा जणांत हसतखेळत होते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळानं रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणण्याचं मोठं काम केलं आहे. हे लोण तालुक्याच्या गावी पोचायला हवं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात पार्किन्सन्सचा स्पष्ट उल्लेख आहे, हेही बऱ्याच कुटुंबांना ठाऊक नसतं.

तिसरं मागणं घरच्यांकडे, म्हणजे माझ्यासारख्यांकडे. सेवा म्हणजे समोरच्याचं सगळं आपण करणं, हा आपला जुना समज. बाईला हा आजार झाला तर पहिली गोष्ट आपण काय करतो? ‘आई, तू आता ओट्याजवळ येऊ नकोस.’ कणीक मळणं, भांडी फडताळात लावणं हाच तिचा दिवसभराचा व्यायाम असतो आणि तोच आपण कौतुकानं काढून घेतो. विस्तवापासून, ओल्या फरशीपासून जपायला हवं, यात वाद नाही. पण जपणं आणि बसवणं यांत फरक आहे.

सावधगिरी हवीच. प्रत्येकाचा तोल वेगळा, हृदय वेगळं. काहींचा रक्तदाब उभं राहताच उतरतो, त्यांनी सावकाश उठायला हवं. काठी घ्यायची की नाही, घ्यायची तर कोणती, हेही तज्ज्ञानंच ठरवावं. माझा लेख वाचून कुणी आपल्या वडिलांना एकदम जिन्यावर उभं करू नये. आणि ओढू तर मुळीच नये. ओढण्याचा अनुभव माझ्या नावावर जमा आहे.

गेल्या दिवाळीत पुन्हा साताऱ्याला गेलो. आजार थांबलेला नाही. दादांचा आवाज बारीक झाला आहे, दुपारी ते लवकर दमतात, वर्षभरात एकदा पडलेही. फराळाच्या वेळी निघाले आणि त्याच उंबरठ्याशी अडले. मी जवळच उभा होतो. हात आपसूक पुढे गेला. मी तो त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबवला आणि तसाच धरून ठेवला. मुलांना खुणेनं गप्प केलं. कढईचा आवाज तेवढा येत होता. पाच-सात सेकंद गेले असतील, मला ते फार लांब वाटले. मग दादांच्या ओठांची हालचाल झाली आणि उजवा पाय उंबरठ्यापलीकडे पडला.

ताटावर बसताना मला त्या हेडमास्तरांची आठवण झाली. त्यांना खुर्ची देण्याआधी मी रांगेला जरा थांबा म्हणालो असतो, काउंटरपलीकडून उठून दारापर्यंत त्यांच्यासोबत गेलो असतो, तर? तेव्हा मला त्यांचा आजार कळत नव्हता, हे खरं. पण थांबायला काही वैद्यकीय ज्ञान लागत नव्हतं.